झेंडूचा चोर

१४ सप्टेंबर
अकोल्याला जाऊन एचआयव्हीच्या गोळ्या आणल्या. रिपोर्ट एकदम क्लीन, रक्तात विषाणू सापडला नाही. मी म्हटलं, मग मेंदूही क्लीन. समुपदेशक करिश्मा मॅडम म्हणाल्या, तसं नसतं. औषध चालू असलं तरी काहींच्या मेंदूवर परिणाम राहतो, विसर पडतो, चिडचिड होते, एक सोपी टेस्ट करून घ्या. नाही केली. मेंदू माझा आहे, त्यांचा नाही.
निश्चय : दसऱ्यापर्यंत राग बंद.
येताना एसटीत कंडक्टरची कॉलर धरली. म्हणे सुटे पैसे आधीच दिले. नंतर ते खिशात सापडले, पण त्याची बोलायची पद्धत चूक होती. निश्चय घरी पोचल्यापासून लागू.

१७ सप्टेंबर
झेंडूच्या दोन ओळी साफ. चोरी. शेजारचा देवराव, दुसरं कोण? बेबी म्हणते, परवा तुम्हीच तोडून बाजारात नेली. स्वतःची बायको चोराची बाजू घेते! ताट भिंतीवर फेकलं. स्टीलचं आहे, नुकसान शून्य. भिंतीला वरण.

२१ सप्टेंबर
माझा फवारणीचा पंप देवरावच्या बांधावर दिसला. तो म्हणाला, तूच दिला. दिला असता तर मला आठवलं असतं ना! हाणला. त्याचा ओठ फुटला, माझा अंगठा सुजला. त्यानं हात उचलला नाही, म्हणजे गुन्हा कबूल. त्यानंतर दिवसभर मी अगदी शांत होतो.

२५ सप्टेंबर
मॅडमचा फोन. टेस्टला कधी येता? मोबाईल विहिरीत टाकला. फार बरं वाटलं.

२६ सप्टेंबर
मोबाईल चोरीला गेला. बेबीनं विहिरीकडे बोट दाखवलं. असेल. तिला आजकाल सगळंच माहीत असतं.

३० सप्टेंबर
परवा दसरा. फुलं ऐन भरात आहेत, म्हणजे चोर येणारच. बाभळीची काठी तासून ठेवली. जेवताना बेबीला उद्याची कामं सांगितली आणि लवकर झोपलो. पहाटे निकाल लावतो.

१ ऑक्टोबर
उजाडायच्या आत शेतात गेलो. चोर होताच. डोक्याला फडकं बांधून ओळीत वाकलेला. मागून गेलो आणि पूर्ण ताकदीनं हाणली. हाड वाजलं. चोर म्हणाला, "अवो, मी हाव, बेबी."
दुसरा फटकाही बसला. तो तिचं बोलणं ऐकायच्या आधीच निघाला होता असं मला वाटतं.
शेजारी अर्धी भरलेली टोपली. ती मातीत बसून म्हणाली, "तुमीच त सांगतलं काल जेवताना. फुलं पायटीच, उजाडाच्या आंदी तोडजो म्हनून."
मी असं सांगणं शक्य नाही. तरी सांगितलं असेल.
देवरावनं तिला त्याच्या ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. त्याचा ओठ अजून बरा नाही. मी तिथंच फुलांत उभा होतो. लाज वाटली, फार वाटली.

३ ऑक्टोबर
दसरा झाला. झेंडू झाडावरच राहिला. बेबीच्या उजव्या हाताला प्लास्टर. दवाखान्यात तिनं सांगितलं, पाय घसरला. मी मागून पोचलो, मीही मान हलवली.

६ ऑक्टोबर
टेस्टला गेलो. बेबी बसमध्ये पुढच्या सीटवर बसली, मी मागं. मॅडमनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारले. दोन आले. दुसरा बहुतेक माझाच होता. घड्याळ काढायला सांगितलं. काढलं. काटे राहिले.
मग मॅडमनी बेबीला वेगळ्या खोलीत नेलं. बाहेर आल्यावर तिचे डोळे लाल होते. डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही. पण रोगाचा मेंदूवर परिणाम झाला असू शकतो. बीपी, झोप, सगळं तपासू, गोळ्या पाहू, उपाय आहेत. तोवर मारायचं एकही साधन तुमच्या हाती नको, आणि बेबीताई म्हणतील तिथं राहतील, तुम्ही अडवायचं नाही. हो म्हटलं.
निश्चय : या वेळी खरा.

७ ऑक्टोबर
सकाळी काठी जागेवर नाही. घरात चोर शिरला! ओरडत सगळं घर पालथं घातलं, माठ फुटला.
बेबी म्हणाली, "काल तुमीच काठी देल्ली माह्याजवळ. लपवून ठेव म्हने."
मला आठवत नाही. पण खरं असेल. खरंच असेल.
हे ती उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होती. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, अंगणातल्या चपलांत पाय घालून. मी म्हटलं, आत ये.
आली नाही.