दोरीच्या मधोमध

प्रिय दीपमाला,

चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. तुझा एक निरोप तेवढा आला: "बाबा, धनुष्याला गिऱ्हाईक बघा, माझा हात गेला." गेला म्हणजे कुठे गेला, बाई? निरोप टाइप करताना तर तो जागेवरच होता. पंचवीस वर्षं पोरांना शब्दांची रूपं शिकवून मी बराच सहनशील झालो आहे, पण एका रविवारच्या निवड चाचणीवरून सहा वर्षांचा हात मोडीत काढणाऱ्या मुलीपुढे माझीही सहनशक्ती संपते. वर नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात अर्ज टाकते म्हणतेस. टाक. पण आधी हे पत्र पूर्ण वाच.

उन्हाळ्यात तू अकोल्याला होतीस, तेव्हा मागच्या बोळात रोज दुपारी तुझं टण्ण, टण्ण चालायचं. जुन्या काव्यांत धनुष्याच्या टंकाराने शत्रूंची छाती फाटते. आपल्याकडे पार्वताबाईंची झोप मोडली. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, पोरगी बाण मारून राहिली का थाळ्या आपटून राहिली? माह्या डोयाले डोया नाई लागत." शेजारधर्म म्हणून मी तुझ्या आईच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून दोन गोंडे केले आणि बाणाची खाच जिथे बसते तिच्या वरखाली, टीचभर अंतरावर दोरीत अडकवले. आवाज निम्मा झाला. पार्वताबाईंनी वाटीभर शेवया पाठवल्या. आणि तू मात्र तोंड फुगवलंस, कारण बाण खाली उतरू लागले.

पुढे जूनमध्ये तुला अमरावतीच्या प्रशिक्षण केंद्रावर सोडायला आलो, तेव्हा तुझ्या प्रशिक्षकांनी, देवीदास सरांनी, वेग मोजायच्या यंत्रावर आपल्या दोघांची शिकवणीच घेतली. नुसत्या दोरीवर सेकंदाला अठ्ठावन्न मीटर. माझे गोंडे लावले, की जवळजवळ एक मीटर कमी. तेच गोंडे सरकवून टोकांकडे नेले, तर वेग जेमतेम उतरला आणि आवाज तरीही दबलेलाच. सर म्हणाले, "मास्तर, दोरीच्या मधातलं वजन बाणासंगं धावते, टोकाचं जागच्या जागी हलते. बाणाच्या वाट्याचं बळ मधातलं वजन खाते." मी मान डोलावली. वर्गातल्या शेवटच्या बाकावरची पोरं डोलावतात, अगदी तशी. तू गोंडे काढून पिशवीत टाकलेस आणि मला म्हणालीस, "बाबा, आता माझ्या दोरीला हात लावू नका." हे तुझं वाक्य मला शब्दशः आठवतं. दुर्दैवाने ते तुझ्या जादा दोरीबद्दलही होतं, हे मी सोयीने विसरलो.

ती जादा दोरी गेल्या महिन्यात तूच माझ्याकडे दिलीस, मधल्या भागावरचं गुंडाळलेलं दोऱ्याचं वेटोळं झिजलं म्हणून. मी चष्मा लावून, फेऱ्याला फेरा भिडवून नवा दोरा गुंडाळला. तू म्हणालीस, "छान झालं हो बाबा." मी दिवसभर त्या कौतुकावर चाललो.

शनिवारी संध्याकाळी तुझी नेहमीची दोरी उसवली आणि चाचणीला तू ती जादा दोरी चढवलीस. रविवारी रडत फोन केलास. पहिले बाण वीतभर खाली गेले, तू नेम धरायची साईट सरकवलीस, मग एखादा खाली तर पुढचा वर. बोटांतून दोरी सुटतच नव्हती म्हणालीस. आणि शेवटी म्हणालीस, "बाबा, आवाजसुद्धा बसका येत होता, म्हणजे माझं सोडणंच बिघडलं." मी "होईल बाळा नीट" असं काहीतरी पुटपुटलो. तुझी आई शेजारी बसून ऐकत होती. ती आपल्या प्रत्येक फोनला शेजारी बसते, म्हणूनच हे पत्र. आमच्या शाळेतले भगवंतराव रोज अमरावतीहून ये-जा करतात, त्यांच्या हाती देतोय.

आता ऐक. हिवरखेडला मामांकडे परित्राण पाठ झाला, तेव्हा भंतेजींकडून आईने तुझ्यासाठी रक्षणाचं पांढरं सूत आणलं होतं. तू मनगटाला बांधू दिलं नाहीस, हातावरच्या पट्ट्यात अडकतं म्हणालीस, ते बरोबरच होतं. आई दोन दिवस जेवताना बोलली नाही. मग म्हणाली, "मनगटाले नको म्हणते तं धनुष्याले तरी बांधा. तुमाले काय जाते?" बाहेरून बांधलं असतं तर तू काढून टाकलं असतंस. म्हणून मी ते अखंड सूत तुझ्या त्या जादा दोरीच्या बरोब्बर मधोमध घट्ट गुंडाळलं आणि त्यावर तो सुबक नवा दोरा चढवला. म्हणजे देवीदास सरांनी जिथे वजन नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तिथेच. दोरी जाड झाली, खाच अडकू लागली, बाण मंदावला, टंकार बसला. तू "बसका आवाज" म्हणालीस त्या क्षणी मला कळलं होतं. तुला सांगायला मात्र चार दिवस लागले. हात तुझा गेला नाही, जीभ माझी गेली होती.

उरलेल्या दोन जागांची चाचणी सव्वीस तारखेला आहे, सरांना विचारून खात्री केली आहे. त्यांना सगळं सांगितलंय. ब्लेड घेऊन वेटोळं काप, सूत सोडव, सरांकडून नवा दोरा गुंडाळून घे आणि यंत्रासमोर बाण सोड. अठ्ठावन्न आले नाहीत, तर गिऱ्हाईक मी शोधतो. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटेल सूतच बाधलं. सुताचा दोष नाही, गुंडाळणाऱ्याचा आहे. ते जपून ठेव आणि घरी येशील तेव्हा तिच्यासमोर मनगट पुढे कर. त्या दिवशी सराव नसेल.

तुझ्या दोरीला पुन्हा हात न लावणारा, तुझाच

बाबा