पहिल्या पानाची झेरॉक्स

बांदा
३ ऑगस्ट २०२५

ती. अ‍ॅलनदादास,
जासिंतचा सा. न. वि. वि.

मायची फणसाची खाट, एकही खिळा न मारता खोबणीत बसवलेली. विहिरीचा रहाट. मारियासायबिणीच्या मूर्तीसाठी सागवानी आल्तार, वर द्राक्षाची वेल कोरलेली. तीन कपाटं, त्यातलं एक वाळवी लागल्यावर पुन्हा केलेलं. सायकलच्या मागची पत्र्याची पेटी, चार महिने पावसात फिरवली तरी आत थेंब जात नाही. एकसष्ट गावांचे नकाशे. एकोणीस वह्या, कागद कापण्यापासून पुठ्ठ्याच्या बांधणीपर्यंत. एवढं या घरात मी माझ्या हातांनी केलेलं आहे. तू यादी मागितलीस ती तुझ्या वस्तूंची, पण दोघांच्या वस्तू एकाच छपराखाली आहेत, सरमिसळ नको म्हणून आधी माझी दिली. तुझी ही घे: एक पितळी दौत, पदकांच्या दोन रिकाम्या डब्या, लॉ कॉलेजचा ग्रुप फोटो (काच फुटलेली), पपांचा कोट.

निवृत्त प्राध्यापकांच्या कारकिर्दीवर आणि संशोधनावर तुमचं कॉलेज गौरवग्रंथ काढतं आहे आणि त्यात तुझ्यावर चाळीस पानं आहेत, हे मायला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न, माझ्या झिलाचो फोटो रंगीत येतलो मां? विचारून कळवतो म्हटलं. कळव.

मात्र 'प्रा. अ‍ॅलन यांची संशोधन-सामग्री' अशी चिठ्ठी लावून एकोणीस वह्या कॉलेजच्या लायब्ररीला द्यायच्या, हे जमणार नाही. १९९४ साली तूच लिहिलं होतंस की आपल्याकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असतं, त्याचे रिवाज कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाहीत, चार गावांत विचारून कळव. मी चार नाही, एकसष्ट गावांत विचारलं. खारेपाटणपासून दोडामार्गापर्यंत, सुतारकाम सांभाळून, नऊ वर्षं. पुस्तक तुझं निघालं. त्याच्या आभारात शेवटून दुसऱ्या ओळीत 'एक स्थानिक साहाय्यक' आहे. तो मी.

प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे आणि नोंदी कशा वाचायच्या त्याचा नियम आहे. त्या पानासकट, त्या नावासकट ठेवणार असतील तर वह्या देईन. फोन करू नकोस. बोललेलं कागदावर राहत नाही, हे तुझंच शिकवणं.

मायचे आशीर्वाद. माझा लोभ आहे तेवढा आहे.

तुझा,
जासिंत


पुणे
१४ ऑगस्ट २०२५

चि. जासिंत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचून प्रिसिला हसत सुटली. तुझी वहिनी म्हणते, भाऊजींनी घराचा लिलाव काढलाय की काय! तुझा स्वभाव काही बदलायचा नाही. रंधा मारावा तसं पत्र लिहितोस, समोरच्याला साल निघेपर्यंत सोडत नाहीस.

मायला सांग, फोटो रंगीत आहे. समारंभ १४ डिसेंबरला. छत्तीस वर्षं शिकवलं, माझे चार विद्यार्थी आज न्यायाधीश आहेत; पण संपादक म्हणतात की माझं नाव टिकेल ते झाडांच्या मालकीवरच्या त्या एका पुस्तकामुळे. आणि त्यातही 'बांदा-अपवाद' या प्रकरणामुळे. सगळ्या किनारपट्टीवर झाड लावणाऱ्याचं पिढ्यानपिढ्या राहतं, पण बांदा परिसरात तीन मोसमांनंतर ते जमीनमालकाकडे जातं, हे प्रथम मी दाखवून दिलं. गौरवग्रंथातला माझ्यावरचा लेख त्याच नावाचा आहे. दुसरी आवृत्तीही त्याच दिवशी निघेल.

वह्यांबद्दल तू उगाच मनाला लावून घेतोस. माहिती गोळा करणं आणि तिच्यातून सिद्धान्त काढणं या दोन गोष्टी आहेत. विटा वाहणाऱ्याचं नाव घरावर कोणी लिहीत नाही, आणि त्यात त्याचा अपमानही नसतो. तरी नव्या आवृत्तीच्या आभारात तुझं नाव घालता येईल का, ते बघतो.

मायला जप. आमची माया कमी झाली असं मानू नकोस.

तुझा,
अ‍ॅलन


बांदा
२ सप्टेंबर २०२५

ती. अ‍ॅलनदादास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी वरच्या वाडीतली सत्यवती आली होती. गणपत वारला त्याची बायको. गणपतने तीस वर्षांपूर्वी आपल्या भावाच्या भरड जमिनीवर, भावाला विचारून, काजूची तेवीस झाडं लावली. भाऊ जिवंत होता तोवर कोणी चकार शब्द काढला नाही. आता त्याचा मुलगा गुरुप्रसाद म्हणतो, जमीन माझी तर झाडंही माझी, आणि गेला कोर्टात. त्याच्या वकिलाने तुझ्या पुस्तकाचं पान २१४ लावलं आहे. तुझा बांदा-अपवाद.

ती बाई पायरीवर बसली, पाणीसुद्धा घेईना. म्हणाली, जासिंतबाब, तुमच्या भावाच्या पुस्तकान माझी तेवीस झाडां गिळल्यान, आणि गावागावात वही घेवन विचारीत फिरलास ते तुम्ही. मग विचारलंन, माझ्याच दारात कित्या नाय इलास? तिचा सगळा वर्षाचा आधार त्या काजूवर आहे.

ती गेल्यावर वही क्रमांक सात काढली. पान ८८. नोंद आहे, पण शिसपेन्सिलीने. दादा, माझा नियम तुला ठाऊक असायला हवा होता: एका तोंडून ऐकलं ते शिसपेन्सिलीने, तीन गावांतल्या तीन नात्याबाहेरच्या माणसांनी तेच सांगितलं की त्यावर शाई. पान ८८ वर शाई कधी चढली नाही, कारण ते दुसऱ्या कोणी सांगितलंच नाही. सांगणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं आहे: माय.

म्हणून मायला विचारलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, आधी आठवेना. मग तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. तुला विहिरीजवळचा आंबा आठवतो? पपांनी तुझ्या नावावर केलेल्या तुकड्यात मी सातव्या वर्षी लावलेलं कलम. तुझं लॉ कॉलेज ठरलं त्या वर्षी आंबे कोणाचे यावरून आपण भांडलो, तेव्हा माय म्हणाली होती की वाडीचा जुना रिवाज आहे, तीन मोसम लावणाऱ्याचे, मग जमीनवाल्याचे. माझे तीन मोसम झाले होते. आंबे तुला गेले. काल म्हणते, ता मी तेव्हाच बनयलंय रे, दोघय कोंब्यांसारखे झगडत व्हतास, आणि अ‍ॅलनाक पुण्याच्या गाडीभाड्याक पैसे व्हये होते. आता फादरकडे जाऊन कुमसार करीन म्हणते, चव्वेचाळीस वर्षांच्या खोट्याची कबुली.

मला हसू आलं नाही. तुझा सिद्धान्त तो हा, दादा. तुझं गाडीभाडं.

एकच विचारतो. २००३ साली मी वह्या एस.टी.ने पुण्याला आणल्या, तू झेरॉक्स काढून परत पाठवल्यास. झेरॉक्सवर शिसपेन्सिल आणि शाई सारखीच काळी दिसते, हे मान्य. पण नियम पहिल्या पानावर होता. तुझ्या प्रतीत पहिलं पान आहे का, तेवढं बघून कळव.

१७ ऑक्टोबरला तारीख आहे. सत्यवतीचा वकील म्हणतो, मूळ वही दाखवा.

तुझा,
जासिंत


पुणे
११ सप्टेंबर २०२५

चि. जासिंत यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मायच्या गमतीवरून तू एवढं रान उठवशील असं वाटलं नव्हतं.

प्रती काढून पाहिल्या. पहिली पानं नाहीत. त्यांवर तुझं नाव, गावाचं नाव आणि काही सूचना होत्या. तो मूळ माहितीचा भाग नव्हता, म्हणून मी दुकानदाराला दुसऱ्या पानापासून काढायला सांगितलं होतं. यात हेतू शोधू नकोस. आणि आंबा मला आठवत नाही असं नाही. पण मी तो रिवाज घरातच पाळलेला पाहिला होता, त्यामुळे शंका घेण्याचं कारणच नव्हतं.

आता कायद्याचं ऐक. न्यायालय एका पुस्तकाच्या एका पानावर निकाल देत नाही. सत्यवतीकडे इतर पुरावे असतील. तू त्या दाव्यात पक्षकार नाहीस. समन्स आलं तर गोष्ट वेगळी. स्वतः होऊन वही नेणं म्हणजे भावाला भर कोर्टात खोटं पाडणं. माझं वय सहासष्ट. दुरुस्तीचं मी समारंभानंतर, योग्य जागी, तळटीपेत पाहीन. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

नववीत शाळा सोडलेल्या माणसाची वही वकील उलटतपासणीत कशी फाडतात ते मी पाहिलेलं आहे. हे तुझ्या काळजीने लिहितो.

तुझाच,
अ‍ॅलन


म्हापसा
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय जासिंत,
सबीनाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्हा दोघांच्या मध्ये जन्माला आले ते माझं नशीब. लहानपणी आंब्यावरून भांडलात तेव्हा मीच मध्ये उभी होते, आणि आताही तोच आंबा! त्याचं लाकूड कधीच जळून गेलं, तुमचा धूर जात नाही.

मायला भेटायला माझ्या नम्रताला घेऊन येणार होते, पण लेकीची परीक्षा आहे. एकटीच येते, रविवारी पाचला. बिंका आणि दोदोल असं गोड आणते, मायचा दात दुखतो म्हणून मऊ.

दादाचा परवा फोन आला होता. रडत होता, जासिंत. मी त्याला पपांच्या मरणानंतर रडताना ऐकलं नव्हतं. गौरवग्रंथ छापायला गेला आहे, तो म्हणतो आता एक ओळ बदलली तर चाळीस पानं पडतील. त्याने तुझ्यासाठी एक निरोप दिला आहे. मी म्हटलं, पत्रात लिही की, तर म्हणाला हे लिहायचं नसतं, तूच तोंडाने सांग. म्हणून मीही इथे लिहीत नाही. मला तो बरा वाटला. एकदा तरी दादा तुझ्या बाजूने बोलला असं वाटलं. निदान ऐकून घे. मी सांगेपर्यंत तोंड वाकडं करू नकोस.

सत्यवतीचंही मला वाईट वाटतं. पण भाऊ एकदाच मिळतो रे.

मायला मुके. तू मला रागावलास तरी माझी माया आटायची नाही.

तुझी,
सबीना


बांदा
१९ ऑक्टोबर २०२५

ती. अ‍ॅलनदादास,
सा. न. वि. वि.

माय बरी आहे. फादरने तिला तीन नमो मारिया प्रायश्चित्त दिलं. ती म्हणते, स्वस्तात सुटलंय.

परवा कोर्टात गेलो. समन्स नव्हतं, स्वतः होऊन गेलो. वही सात कापडात बांधून पेटीत नेली. गुरुप्रसादच्या वकिलाने तू सांगितलंस तेच विचारलं. शिक्षण किती? नववी. कायद्याचा अभ्यास? नाही. प्राध्यापकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? मी म्हटलं, झाडांचं त्यांना किती कळतं ते मला माहीत नाही, पण ही वही मी लिहिली आहे, आणि ती कशी वाचायची ते पहिल्या पानावर लिहिलं आहे. न्यायाधीशबाईंनी पहिलं पान स्वतः वाचलं. मग पान ८८ खिडकीकडे नेऊन तिरपं धरलं, शिसपेन्सिल चमकते की नाही ते पाहायला. तीस वर्षांत कोणी माझी वही अशी वाचली नव्हती, दादा. तूही नाही.

सांगणारी कोण, असं विचारल्यावर मायचं नाव सांगितलं. मग आंब्याचं सांगावं लागलं. तुझ्या गाडीभाड्याचंही. मागच्या बाकावरचे दोघे हसले. मला वाटलं होतं, तुझ्यावर हसतील तेव्हा मला बरं वाटेल. नाही वाटलं.

निकाल अजून नाही. वही कोर्टाने ठेवून घेतली. माझ्या बांधणीच्या पुठ्ठ्यावर निशाणी ४१ चा शिक्का बसला आहे, वाकडा. कधी परत मिळेल ते सांगता येत नाही, आणि पुस्तकाचं आता काय व्हायचं तेही. त्यातल्या चांगल्या दोनशे पानांवरही लोक आता संशय घेतील. ती दोनशे पानंही शाईतली होती. माझी होती. बाहेर आल्यावर सत्यवतीने नुसती मान हलवली आणि बस पकडायला गेली. माझं नाव मात्र शेवटी एकदा कागदावर नीट टाइप होऊन आलं: साक्षीदार क्रमांक तीन.

राहिलेल्या अठरा वह्या घरातच राहतील. फोटो रंगीत आहे हे मायला सांगितलं आहे. ग्रंथ निघाला तर तिच्यासाठी एक प्रत पाठव. ती वाचणार नाही, उशाशी ठेवील. खाट मी केलेली आहे, उशाला जागा आहे.

माया राहिली असेल तर ठेवावी.

तुझा,
जासिंत

ता. क. बोललेलं कागदावर राहत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. २८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं, या घराच्या पायरीवर, तुझा निरोप, सबीनाच्या तोंडून. एकच तोंड, म्हणून शिसपेन्सिलीने. तू कबूल करून पाठवलंस तरच शाई चढवीन. वही क्रमांक सात १४ डिसेंबरपर्यंत कोणाला दाखवायची नाही. त्याबदल्यात दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर दोन नावं, आधी माझं, खाली तुझं. आणि तुला मिळणारा सगळा गौरवनिधी माझा. मी नाही म्हटलं. रुपये दोन लाख एक्कावन्न हजार.