अर्जावरचा फोटो

प्रिय अक्का,

जे. पी. नगरच्या घरी आल्या आल्या, हातपायही न धुता लिहायला बसलोय. तू असतीस तर आधी त्यावरूनच ओरडली असतीस. पण पाच वर्षं छातीवर बसलेला धोंडा आज उतरलाय, आणि हे तुला सोडून कुणाला सांगू?

तुझी फुलशेती आता मी बघतो. कागदावर तुझ्या जागी माझं नाव घालायला तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. तिथल्या बाईंनी तुझी जुनी फाइल काढली. कोरोनात सरकारनं फुलं पिकवणाऱ्यांना मदत दिली होती ना, तो अर्जही त्यातच. पाच वर्षं ज्याला भीत होतो, नेमका तोच!

आठवतं ना तुला ते सगळं? बाजार बंद, देवळं बंद, लग्नं नाहीत. के. आर. पुरमच्या पलीकडं जो तो उभ्या फुलांवर ट्रॅक्टर फिरवत होता. तू मात्र ऐकशील तर शपथ!

"देवाच्या डोक्यावर जायची फुलं रे ती. पायाखाली घालू होय?"

एकटीनं सगळी शेवंती खुडलीस, खड्ड्यात घातलीस, वर माती ओढलीस. मग कुठं रान नांगरू दिलंस. आणि लगेच मदत जाहीर झाली. अर्जावर म्हणे फुलांत उभ्या शेतकऱ्याचा फोटो पाहिजे! आता फुलं कुठून आणायची?

मी पडलो अतिशहाणा. मागच्या दसऱ्याचा तुझा फोटो अर्जावर चिकटवला आणि अर्ज तुझ्या हातात दिला. तू जरा वेळ बघितलंस, "सरी, बरं" म्हणालीस आणि पिशवीत ठेवलास. घरी परतल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोत तुझ्यामागच्या पंपाला दसऱ्याच्या आयुधपूजेचा हार होता. ऐन उन्हाळ्यात!

पैसे आले, पण माझी भीती गेली नाही. कधीतरी कुणीतरी तो हार ओळखणार आणि माझ्यामुळं तुला खोटारडी म्हणणार. आयुष्यात कुणाचं फूलसुद्धा न विचारता न तोडलेल्या बाईला! त्या पैशातून तू नवी रोपं घेतलीस, आणि मला एक निळा शर्ट. मला तो अंगाला लावायचा धीर झाला नाही. "घट्ट होतो का रे?" तू दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. तू गेलीस तेव्हाही त्याची घडी मोडलेली नव्हती.

आज बाईंनी अर्ज पुढं केला, आणि चौकटीत फोटोच नाही! नुसता गोंदाचा डाग. खाली तुझ्या वाकड्या कन्नड अक्षरांत चिठ्ठी: फुलं खुडून पुरली आहेत, येऊन बघा.

"निम्म अक्काना?" बाई हसल्या. "तुमची अक्का होय ही! भर उन्हात आम्हाला उभं केलं आणि स्वतः फावडं घेऊन खड्डा उकरला. आत शेवंती अजून पिवळी होती. साहेबांनी तिथंच सही केली."

मला कचेरीतच रडू आलं, अक्का. बाईंनी पाणी दिलं.

तिथून तडक तुझ्या घरी गेलो. फोटो सापडला, देवीच्या तसबिरीमागं, पाठीला गोंद तसाच.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मग एक शब्द का नाही बोललीस? कान तरी उपटायचास! मला लाज वाटेल म्हणून गप्प राहिलीस ना? तेवढ्यापायी मला पाच वर्षं घाबरत ठेवलंस की गं. रागावू म्हटलं तरी आज रागावता येत नाही. फार हलकं वाटतंय.

एक वचन देतो. भाव मिळो न मिळो, तुझ्या रानात फुलांवर ट्रॅक्टर जाणार नाही. आधी मी खुडीन, हातानं. आणि या दसऱ्याला तुझ्या शेवंतीत तोच निळा शर्ट घालून उभा राहीन. आत्ताही, लिहायला बसण्याआधी, तोच तेवढा अंगात घातलाय.

पोटावरचं बटण लागत नाही, अक्का. आता खरंच घट्ट होतो.

तुझा,
वसंता