साठेच्या गठ्ठ्यावरची रेघ

पिंपरी, मंगळवार, १४ ऑगस्ट १९७९

कंपनीच्या संगणकावर आज नवा कंपायलर आला, म्हणजे आमचे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. वेग मोजायला साठेने लिहिलेली जुनी चाचणी, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, लावली. एरवी काही मिनिटं चालणारी चाचणी क्षणात संपली. साहेब खूश. "काय कांबळेबाई, पळतोय की नाही?"

मला पटेना. दुपारभर शोधल्यावर कळलं. साठेची चाचणी नुसते गुणाकार करते, उत्तर कुठेच छापत नाही. उत्तर कुणालाच नको, म्हणून नव्या कंपायलरने गुणाकारच गाळून टाकले. खरा वेग हवा तर उत्तर छापायला सांगणारं एक कार्ड घालायला हवं.

एकच कार्ड. पण गठ्ठ्याच्या माथ्यावर, सगळ्या कार्डांच्या कडांवरून गेलेली, साठेची तिरकी निळी रेघ आहे. कार्डं पडून विसकटली तर क्रम लावता यावा म्हणून तो ती ओढायचा. मे महिन्यात भोसरीच्या रस्त्यावर त्याला ट्रकने उडवलं. त्याच्या हातचं इथे आता एवढंच उरलंय. आजच्या चुकीवर तोच आधी हसला असता. मी त्याला कधी नावाने हाक मारली नाही, सगळ्यांसारखी साठेच म्हणत राहिले. का?

कार्ड घातलं. चाचणीने पुन्हा मिनिटं घेतली आणि साहेबांचा चेहरा उतरला. कार्डं पंच करणारी कमल गठ्ठ्याकडे बघत म्हणाली, "अगं, रेघ तुटली की! निळी पेन्सिल देऊ? जोडून टाक."

"राहू दे," म्हटलं.

माझ्या कार्डाची केसाएवढी पांढरी फट आहे. त्याच्या रेघेत माझी जागा तेवढीच.