एकोणीस काड्यापेट्या

धारवाड,
१२ ऑगस्ट १९८१

प्रिय आई,

मोठं अक्षर काढून लिहिते आहे, म्हणजे पुंडलिकअण्णाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. सावकाश वाच.

तू कलघटगीला अण्णाकडे गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. गळ्यावर फोडांचा लांब पट्टा होता आणि जाताना म्हणालीस, “एक तर त्या कोळ्यांच्या बरण्या ठेव, नाहीतर मला.” तू परत यावीस म्हणून मला एवढंच शोधायचं होतं, की ते फोड कशाचे.

नळावर तू सांगून गेलीस की लेकीचा कोळी चावला. तेव्हापासून गल्लीत कुणाला फोड उठला की तो माझ्या दारात. मी सगळ्यांना सांगितलं, चावला तो किडा घेऊन या. एकोणीस काड्यापेट्या जमल्या. अकरांत कोळी, सातांत झुरळं, गोचीड असलं काहीबाही, आणि रिक्षावाल्या हणमंताची रिकामी. त्याचा पळाला होता, पण पेटी त्याने नेमाने आणली. शेजारच्या यल्लव्वाने विचारलं, जेडवाली बाई, माझ्या कोळ्याला शिक्षा काय? तिच्या कन्नडात जेड म्हणजे कोळी. आता सगळी गल्ली मला याच नावाने हाक मारते.

चावताना पाहिलंस का, असं मी प्रत्येकाला विचारलं. एकानेही पाहिलं नव्हतं. सकाळी फोड दिसला, घर झाडलं, जो सापडला तो पेटीत. शिवाय कोळी चावला तर दोन बारीक टोचे दिसतात. यांचे फोड ओळीत होते, हाताने पुसल्यासारखे. तुझेही तसेच होते.

पावसाळ्यात घरात येणारा तो काळा-नारिंगी, मुंगीसारखा किडा आठवतो? तो मी डाव्या हातावर चिरडून पुसला. उजव्या हाताला बरणीतल्या कोळ्याकडून चावून घेतलं. उजवा तीन तासांत बरा झाला. डाव्यावर पहिला दिवस काही नाही, दुसऱ्या दिवशी लाल पट्टा, मग फोड. आमचे सर म्हणाले, एका हाताने काही सिद्ध होत नाही, आणखी पाच माणसं घे. ते ऐकून प्रयोगशाळेतली तिन्ही मुलं चहाला गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाहीत.

फार झोंबतं, आई. तू सांगत होतीस तेव्हा मी एवढं काय त्यात, असं म्हणाले होते.

आता राहिलेलं. हा किडा उजेडावर येतो. माझ्या टेबलावरच्या दिव्याभोवती मी तासाभरात चौदा मोजले; दिवा बंद ठेवला त्या दिवशी एकही नाही. तुझी खाट त्या टेबलाला लागून होती. दिवा मालव, असं तू दोनदा म्हणालीस. मी कोळ्यांवरच्या प्रबंधाचं प्रकरण संपवत बसले. किडा गळ्यावर पडला, तू झोपेत पुसलास. कोळ्यांचा काही दोष नाही, दोष माझा आहे. हे मला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. लिहायला आज जमलं.

बरण्या जागच्या जागी आहेत. टेबल आणि दिवा मी स्वयंपाकघरात नेलाय. रविवारी पहिल्या बसने तुला न्यायला येते.

तुझीच,
मंगला