वारेला बांधलेली वीट

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (सवयीने लिहिले, हुरळून जाऊ नकोस.)

यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तू विचारलं नाहीस, तरी कळवते. घरी आले तर ठिपकी मान टाकून उभी, अंग तापलेलं आणि गोठ्यात नाक धरावं अशी घाण. डॉक्टरांनी हात घालून तपासलं. वासरामागून पडायची वार कुणीतरी ओढून तोडली आहे, तुकडा आत सडतोय, म्हणाले. तू तर फोनवर छातीठोकपणे सांगितलंस की वार आपोआप पडली! लोंबत राहिली तर हात लावू नकोस, डॉक्टरांना बोलाव, असं मी निघताना बजावलं होतं. ठिपकी म्हणजेच माझा गोठा. ती पुन्हा गाभण राहिली नाही तर मी काय करू? खरं काय ते लिही. फोनवर तुझा नुसता आवाज चढतो.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न.

पोलिसांत का गेली नाहीस तू? मी वार ओढलेली नाही. नुसती वीट बांधली. बाबा बांधायचेच की, वजनाने हळूहळू सुटते. ठिपकी उठताना तिचाच पाय विटेवर पडला आणि वार तुटली, त्यात माझा काय दोष? दुकान बंद ठेवून तुझ्या गोठ्यातलं शेण काढलं, ते गेलं वाऱ्यावर. आणि दिवस भरलेली गाय दुसऱ्याच्या गळ्यात मारून कुणी जातं का? डोळा काय पळून जाणार होता?

भावजींना नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.

तुझा भाऊ

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद या खेपेला राहू देत.

ठिपकी तापातून वाचली, पण दर वेळी भरवली की उलटते, गाभ धरत नाही. गर्भाशय आतून चिकटलंय, आता आशा सोडा, असं डॉक्टर म्हणाले. भाकड गुरं घेणारा व्यापारी येऊन तिची पाठ चाचपून गेला. त्याच्या हातात दोर द्यायला माझा हात धजेना. तो तू दे. उद्या टेम्पोतून ती तुझ्या दारी येईल, दुकानामागे जागा आहेच. कालवड मी ठेवून घेतली आहे.

वहिनीला सांग, माझा राग तिच्यावर नाही.

ताई

१९ ऑगस्ट

ति. ताईस,
शि. सा. न.

सूड पोचला. बायको माझ्याशी बोलत नाही. व्यापाऱ्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा मीच परत पाठवलं, हसायचं तर हस. कालपासून ठिपकी एकसारखी हंबरते आहे, शेजारी दारात भांडायला उभे. ताप नाही, चारा टाकला तर हुंगून सोडते. कुठे दुखतंय तिला? विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुला लिहितो. उलट टपाली कळव.

तुझा भाऊ

२३ ऑगस्ट

धाकट्या,

तिला दुखत नाही काही. ती माजावर आली होती. तू हे वाचशील तोवर गप्प झाली असेल. पोटात धरत नाही, तरी तिचं शरीर वासरू मागतं. थोड्या दिवसांनी पुन्हा मागेल, मग पुन्हा. उन्हाळाभर मी ऐकलं. आता तू ऐक.

ताई