आईने लावलेला दिवा

११ एप्रिल, शनिवार

चूक झाली. माझीच! लिहून काढते, नाहीतर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

महिन्याची भेट होती आज. युनशू आणि तिची आई छ्यूश्या — आमच्या बालसंरक्षण ऑफिसातल्या खेळण्यांच्या खोलीत. पंधरा वर्षांची घोडी, आणि समोर लाकडी आगगाडी! निघण्याआधी मी सगळं तपासलं होतं. शाळेचा गणवेश नाही. दुकानाचं नाव छापलेली पिशवी नाही. बसचं कार्ड माझ्या पर्समध्ये. पोरीला आम्ही कुणाकडे, कुठल्या गावात ठेवलंय, हे आईवडलांना कळता कामा नये. कळलं की पोराला उचलायचं आणि नव्या घरी नेऊन ठेवायचं — लगेच, काही ऐकून न घेता. नियमच आहे तसा.

गळ्यातला लाल दोरा दिसत होता मला. पण तो इथे कुणाच्या गळ्यात नसतो?

छ्यूश्याने पेरू कापून आणला होता. फोड घ्यायला युनशू वाकली आणि ताईत बाहेर लोंबला. लाल कापडाचा, वर सोनेरी दोऱ्याने माझूदेवीच्या देवळाचं नाव. गावासकट! आईने तो हातात घेतला, बघितला, "छान आहे" म्हणाली आणि परत पोरीच्या कॉलरमध्ये सरकवला. मग पेरूला मीठ कमी पडलंय म्हणाली.

वाचलं का तिने? आंधळी थोडीच आहे.

१२ एप्रिल

श्यूबाई ऑफिसात माझ्या वरच्या. त्यांना सांगायलाच हवं. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१३ एप्रिल, सोमवार

नाही सांगितलं. दोनदा त्यांच्या टेबलाशी गेले. एकदा स्टेपलर मागितला, एकदा काहीच न मागता परत आले. "ज्येन, बरं वाटत नाही का तुला?" म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात पोरीची मोठी परीक्षा आहे. आता हलवली तर नवी शाळा, नवा बिछाना, नवी माणसं. आता तिला सांभाळणाऱ्या फंगमावशीकडे आली तेव्हा उशीखाली भाताचे गोळे लपवायची ही. आता भांडण करून दुसऱ्यांदा वाढून घेते! हे चौथं घर. पाचवं मी कुठल्या तोंडाने दाखवू?

१७ एप्रिल, शुक्रवार

घरभेटीला गेले. फंगमावशी दारात स्टुलावर बसून कालवं फोडत होती. मला पाहून सुरी न थांबवता म्हणाली, "ताई, काय हे? माझ्या कालवात तुमच्यापेक्षा जास्त मांस आहे!"

ताईत कुणी दिला विचारलं.

"मी! परीक्षा आहे ना पोरीची. देवीच्या धुपावरून तीनदा फिरवून आणलाय. का? देवीलासुद्धा तुमच्या ऑफिसची परवानगी लागते?"

हसले आपली.

मग तीच म्हणाली, त्याच देवळात विद्येच्या देवापुढे युनशूच्या नावाचा दिवा लावायचाय. पण पुजारी जन्मवेळ मागतो. "तारीख आहे हो माझ्याकडे, वेळ नाही. तुमच्या कागदांत असेल की." नाहीये. आमच्या कागदांत तिचा हात कुठे मोडला, किती ठिकाणी मोडला, सगळं आहे. जन्मवेळ नाही.

युनशू नूडल्स ओरपत होती. मधेच म्हणाली, "बाबा कधी सुटणार?"

"उन्हाळा संपल्यावर. का गं?"

"काही नाही. त्यांनी डोळे वटारले की आईच्या पोटात काही राहत नाही. मी मामीकडे लपले होते, तेव्हाही तिनेच सांगितलं." आणि मावशीला म्हणाली, "व्हिनेगर कुठाय?"



२५ एप्रिल

त्या गावच्या रस्त्याला लागलं की स्कूटरवरची हेल्मेट घातलेली प्रत्येक बाई मला छ्यूश्याच वाटते. आज एकीच्या मागे भाजीबाजारापर्यंत गेले. भलतीच निघाली. वर मलाच म्हणाली, "काय गं, चोर वाटले का?"

३ मे, रविवार

मावशीचा फोन. आवाजात नुसता आनंद! "ताई, अहो लावलात ना दिवा! मला सांगायचं तरी!"

कसला दिवा?

पुजारी तिला म्हणाला, मास्क लावलेली एक बारीकशी बाई येऊन गेली. पोरीचं पूर्ण नाव, तारीख, वेळ — पहाटे तीन ते पाचमधली, वाघाच्या प्रहरातली — सगळं घडाघडा सांगितलं. वर्षभराच्या दिव्याचे पैसे भरले आणि गेली. "वेळ कुठून मिळवलीत हो? मी इतके दिवस जंग जंग पछाडतेय!"

"मिळाली एका ठिकाणी," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

ती वेळ जगात एकाच बाईला माहीत असणार. आली होती ती. देवळापासून मावशीचं घर हाकेच्या अंतरावर आहे!

४ मे

आज सांगते, आज सांगते म्हणत दिवस गेला. परीक्षा होऊ दे. तेवढंच मागते देवीकडे. काही झालं तर मीच जबाबदार — हे लिहून ठेवते. लिहिल्याने काय होतंय म्हणा.

९ मे, शनिवार

आजच्या भेटीआधी ताईत मीच काढून घेतला. युनशू कुरकुरली. "अपशकुन करता तुम्ही, ताई!"

छ्यूश्या आली, आधी पोरीच्या मानेकडे बघितलं. मग तासभर दोघींनी पत्ते खेळले, पोरीने लबाडी केली, आईने करू दिली. जाताना दारात मला गाठलं. वर बघेचना. "तिचा ताईत तिला परत द्या. परीक्षेला असू दे गळ्यात."

विचारावं असं दहादा ओठांवर आलं — गेला होतात ना तिकडे? नाही विचारलं. विचारलं असतं तर मला कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. भित्री! दुसरं काय!

१६ मे, शनिवार

झाली एकदाची सुरू परीक्षा! फंगमावशी केंद्राबाहेर छत्री धरून, पिशवीत पानात बांधलेल्या भाताचे दोन पुडे. जाताना एक आणि येताना एक खाल्ला की पास, असं तिचं म्हणणं. युनशू बाहेर आली ती हसतच. "गणित सोपं होतं! ताई, तुम्ही का रडताय?"

रडत नव्हते. ऊन होतं.

१७ मे

संपली. कुणी आलं नाही, काही झालं नाही. एक बाई देवळात दिवा लावून गेली, एवढंच. उगाच महिनाभर जीव टांगणीला लावून घेतला. आता कुणाला काही सांगायची गरजच नाही. आज पोटभर जेवले.

१९ मे, मंगळवार

सकाळी छ्यूश्याचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"ताई, त्याला लवकर सोडतायत. शुक्रवारी घरी येतोय. ते गाव मला माहीत आहे. कालवं फोडणारी बाईही बघितलीय मी — चांगली आहे. तो एकदा विचारेल, दोनदा विचारेल. तिसऱ्यांदा मी सांगते. नेहमीच सांगते, मला माझं ठाऊक आहे. तिला हलवा. आणि या वेळी कुठे ते मला कळू देऊ नका, ताईतसुद्धा बघू देऊ नका."

मी हो म्हणाले. उठून सरळ श्यूबाईंकडे जाणार होते, पण तिने फोन ठेवला नव्हता.

"दिवा मात्र राहू दे हं तिथेच. वर्षाचे पैसे भरलेत."